आईच्या दंडातली बाळाची लस

गरोदरपणात लस घ्यावी की नाही, हा प्रश्न शहरातल्या सुशिक्षित घरांत जितका बोलला जातो तितका खेड्यात बोलला जात नाही. खेड्यात तो मनातल्या मनात विचारला जातो. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) या गावाचे उदाहरण घेऊ. इथे बाईला दिवस गेले की आशाताई नाव नोंदवते, हातात माता-बाल संरक्षण कार्ड येते आणि अंगणवाडीत नर्सबाई दंडावर सुई टोचतात. ‘धनुर्वाताचे दोन’ घ्यायचेच असतात, म्हणून घेतले जातात. त्यात निर्णय घेण्यासारखे काही आहे, असे कोणालाच वाटत नाही. पण कोविडच्या काळात त्याच अंगणवाडीतल्या त्याच सुईसमोर घरोघरी पाय अडखळले. फ्लूची लस सरकारने फुकट देऊ केली, तरी ती अनेकींच्या कानावरही गेली नाही. डांग्या खोकल्याची लस तर खासगी दवाखान्याच्या पायरीपुरतीच राहिली.

म्हणजे प्रश्न एक नाही. गरोदरपणातल्या प्रत्येक लसीचे गणित निराळे आहे. काही लसींचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच मिळाले आहे, काहींचे गेल्या दहा-पंधरा वर्षांत मिळाले, आणि काही लसींना गरोदरपणी स्पष्ट नकारच द्यायला हवा. हे सगळे ‘लस’ या एका शब्दाखाली कोंबले की एकीवरचा संशय दुसरीवर जातो. म्हणून या लेखात एकेक लस वेगळी काढून पाहिली आहे.

आंजीच का?

आंजी हे साधे खेडे असले तरी आरोग्याच्या नकाशावर ते अनोळखी नाही. इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा परिसर सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या समुदाय वैद्यकशास्त्र विभागाचे कार्यक्षेत्र आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, ही संस्था सुरू केली. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी आजही एक गाव दत्तक घेते. २००३ ते २००८ या काळात आगा खान फाउंडेशनच्या साथीने इथे ‘क्लिक्स’ नावाचा बालजीविताचा प्रकल्प चालला. आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन आरोग्य केंद्रांखालच्या गावांत बचतगट, किसान विकास मंच, किशोरी पंचायती आणि ग्राम समन्वय समित्या उभ्या राहिल्या. नवजात बाळाची धोक्याची लक्षणे आईला ओळखता यावीत आणि तिने वेळेत दवाखाना गाठावा, यावर आंजी परिसरातून संशोधनही प्रसिद्ध झाले आहे.

या भूमीत एक ऐतिहासिक विरोधाभासही आहे. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. पण त्याच्या बऱ्याच आधी, दक्षिण आफ्रिकेत असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी देवीच्या लसीला कडाडून विरोध केला होता. वासराच्या अंगातून काढलेला द्रव माणसात टोचणे त्यांना घाणेरडे आणि हिंसक वाटे. त्यांच्याच वैद्य राहिलेल्या आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या सुशीलाबाईंनी मात्र त्यांच्या नावाच्या संस्थेतून लसीकरण गावागावांत पोहोचवले. लसीवरची शंका ही अडाण्यांचीच असते, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

धनुर्वात: ज्याचे उत्तर मिळाले आहे

नवजात बाळाच्या धनुर्वाताचे चित्र जुन्या सुईणींना पाठ होते. बाळ नीट जन्मते, दोन दिवस नीट पिते आणि तिसऱ्या दिवसानंतर स्तन तोंडात धरेनासे होते. जबडा आवळतो, मान आणि पाठ ताठते, कोणी हात लावला किंवा भांडे पडले तरी झटका येतो. उपचार नसतील तर असे बाळ क्वचितच वाचते. हा आजार पहिल्या तीन दिवसांनंतर आणि महिन्याच्या आत दिसतो, त्यातही पहिले दोन आठवडे मोठ्या धोक्याचे. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई पुजण्याची चाल आपल्याकडे आहे. त्या रात्री बाळाच्या जिवाची चिंता करणाऱ्या पिढ्यांनी काय काय पाहिले असेल, याचा यावरून अंदाज बांधता येतो.

कारण साधे होते. धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतात. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापलेल्या नाळेतून, नाळेवर लावलेल्या शेणातून वा राखेतून ते आत शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार काही दशकांपूर्वी भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात बाळांना धनुर्वात होत असे.

उपाय आईच्या दंडातून गेला. आईला लस दिली की तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि वारेतून ती बाळाकडे जातात. कोलंबियाच्या ग्रामीण भागात झालेला, १९६६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत निर्णायक ठरला. ज्या बायांना लसीचे किमान दोन डोस मिळाले, त्यांच्या बाळांत धनुर्वाताचा एकही मृत्यू झाला नाही. तुलनेच्या गटात मात्र दर शंभर बाळंतपणांमागे सात-आठ बाळे त्याच आजाराने दगावली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडल्यावर, दोन डोसांनी नवजात धनुर्वाताचे मृत्यू सुमारे ९४ टक्क्यांनी कमी होतात, असे दिसले. औषधशास्त्रात इतका लखलखीत आकडा फार क्वचित मिळतो.

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये आला, सार्वत्रिक लसीकरण १९८५ मध्ये. जननी सुरक्षा योजनेने २००५ नंतर बाळंतपणे दवाखान्यात आणली आणि नाळ निर्जंतुक ब्लेडने कापली जाऊ लागली. या दोन्हींच्या जोडीने मे २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्यावर शिक्कामोर्तब झाले. इथे निर्मूलनाचा अर्थ नीट समजून घ्यावा. प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच तो अर्थ आहे. देवीसारखा हा रोग जगातून नाहीसा होणार नाही, कारण त्याचे घर माणसात नसून मातीत आहे. आंजीच्या कपाशीच्या वावरात तो आजही आहे. लस थांबवली तर तो परत येईल.

आता ही लस नुसत्या धनुर्वाताची ‘टीटी’ राहिलेली नाही. राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाच्या शिफारशीनंतर सरकारी कार्यक्रमात ‘टीडी’ आली. तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही लहान डोस असतो. मोठ्या वयात घटसर्पाविरुद्धची ताकद ओसरते, म्हणून हा बदल. वेळापत्रक सोपे आहे. दिवस गेल्याचे कळताच नाव नोंदवून पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील, तर एकच बूस्टर पुरतो. ‘मागच्या खेपेले घेतली होती, आता काऊन पायजे?’ या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. उशीर झाला, छत्तीस आठवडे उलटले, तरी डोस टाळायचा नसतो, मात्र त्याचा पूर्ण फायदा बाळाला मिळायला वेळ हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ९२ टक्के मातांचे शेवटचे बाळंतपण नवजात धनुर्वातापासून सुरक्षित आढळले. उरलेल्या ८ टक्क्यांत कोण असेल हे सांगायला पाहणीची गरज नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, कामासाठी गाव सोडून गेलेली बाई, जिचे कार्ड एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात असते.

इथे एक व्यावहारिक अडचण आपल्या चालीरीतींतून येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झाले की लेक माहेरी जाते. तेव्हा कार्ड सासरी ट्रंकेत राहू नये. पहिला डोस कुठे झाला, दुसरा कुठे द्यायचा, हे माहेरच्या नर्सबाईला त्या कागदावरूनच कळते.

शंका येतात कुठून?

टीडीबद्दलच्या शंका आज विदर्भात फारशा उघडपणे ऐकू येत नाहीत, पण जगात त्या अनेकदा उसळल्या. १९९० च्या दशकात फिलिपिन्समध्ये आणि २०१४ मध्ये केनियात अशी अफवा पसरली की धनुर्वाताच्या लसीत मूल होऊ न देणारे औषध मिसळले आहे. या अफवेला एक धागा खरा होता, आणि तो दिल्लीचा होता. राष्ट्रीय प्रतिकारशक्ती संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांच्या गटाने गर्भनिरोधक लसीचे संशोधन केले होते. तीत गर्भावस्थेतले एक संप्रेरक धनुर्वाताच्या लसीच्या रेणूला वाहक म्हणून जोडले होते. तो स्वेच्छेने सहभागी झालेल्या स्त्रियांवरचा प्रयोग होता आणि गर्भवतींच्या लसीकरणाशी त्याचा संबंध नव्हता. पण ‘धनुर्वाताची लस’ आणि ‘मूल न होणे’ हे दोन शब्द एका वाक्यात आल्यावर पुढचे काम अफवेने केले. आपल्याकडे आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची आठवण त्याखाली होतीच. सरकार सुई घेऊन दारात आले की मागच्या पिढीला ते दिवस आठवणे साहजिक आहे.

दुसरी शंका जास्त मानवी आहे. लस घेतली आणि आठवड्यात गर्भ पडला, अशी एखादी गोष्ट प्रत्येक पंचक्रोशीत असते. ती खोटी असते असे नाही. दिवस गेल्याचे कळल्यानंतरही साधारण १० ते १५ टक्के गर्भ आपोआप पडतात. त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि बऱ्याचदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असल्यामुळे. त्याच तीन महिन्यांत नोंदणी होते आणि पहिला डोसही पडतो. हजारो बायांना त्या काळात सुई टोचली तर काहींच्या बाबतीत ती घटना सुईनंतर घडणारच, सुई नसती तरी घडलीच असती. म्हणून एका बाईच्या अनुभवावरून कारण ठरवता येत नाही. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायांच्या मोठ्या गटांची तुलनाच करावी लागते. धनुर्वाताच्या लसीबाबत ही तुलना दशकानुदशके झाली आहे आणि गर्भाला धोका दिसलेला नाही. पण ज्या आईचे मूल गेले तिला आकड्यांनी गप्प करणे हा निर्दयपणा होय. तिचे आधी ऐकून घ्यावे, नोंद करावी, आणि मग समजावून सांगावे. लसीनंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेची नोंद आणि तपास करणारी व्यवस्था देशात जिल्हा पातळीपर्यंत आहे. ती वापरली जाते हे लोकांना दिसले, तर अर्ध्या अफवा तिथेच विरतील.

तिसरी शंका औषधांच्याच इतिहासातून आली. १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड नावाचे औषध युरोपात गर्भवतींना मळमळीसाठी दिले गेले आणि हजारो मुले अविकसित हातापायांनी जन्मली. तेव्हापासून गर्भवतींना औषधांच्या चाचण्यांतून बाजूला ठेवण्याची प्रथा पडली. हेतू चांगला, परिणाम विचित्र. चाचणीत त्यांना घ्यायचे नाही आणि नंतर माहिती नाही म्हणून औषधही द्यायचे नाही. या कोंडीची किंमत कोविडमध्ये मोजावी लागली.

कोविडचा धडा

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा गर्भवती आणि स्तनदा माता वगळल्या होत्या. स्तनदा मातांना मे महिन्यात परवानगी मिळाली, गर्भवतींना २ जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती. तिने काय केले याचा हिशोब महाराष्ट्रातच मांडला गेला. मुंबईची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि राज्यातली रुग्णालये मिळून गर्भवती कोविडरुग्णांची नोंदवही ठेवत होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये दोन लाटांची तुलना जाहीर केली. गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायांत लक्षणे असलेल्यांचे प्रमाण पहिल्या लाटेत १४.२ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के झाले. मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर गेले.

जुलैनंतर लस मिळू लागली, पण तोवर ‘गर्भवतींनी घेऊ नये’ हे वाक्य घरोघरी रुजले होते. काल ज्याला मनाई होती त्यालाच आज आग्रह, हे गावाच्या गळी उतरेना. आरोग्यसेविका आणि आशाताईंना त्यांनीच काल सांगितलेले वाक्य पुसावे लागले. अमेरिकेत पस्तीस हजारांहून अधिक गर्भवतींनी लस घेतल्यानंतरची माहिती एप्रिल २०२१ मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि तीत चिंतेची बाब दिसली नव्हती. ती माहिती वर्ध्याच्या खेड्यांत सोप्या मराठीत पोहोचायला हवी होती.

आज कोविडची लस गर्भवतींसाठी सरकारी वेळापत्रकात नित्याची नाही. तेव्हा त्या वादाचा निकाल आज लावण्याची गरज नाही. त्यातून उरलेला धडा मात्र कामाचा आहे. नव्या साथीच्या लसीची चाचणी गर्भवतींवर, त्यांच्या संमतीने आणि काळजीपूर्वक, लवकर व्हायला हवी. त्यांना वगळल्याने त्या सुरक्षित राहत नाहीत, त्या अंधारात राहतात.

फ्लू: दिलेली, पण न पोहोचलेली लस

गरोदर बाईच्या फुफ्फुसांवर वाढत्या पोटाचा दाब असतो, हृदयाचे काम वाढलेले असते आणि प्रतिकारशक्तीचे वागणे बदललेले असते. त्यामुळे साधा वाटणारा फ्लू तिला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. स्वाइन फ्लूच्या साथीत हे महाराष्ट्राने पाहिले. २०१५ साली राज्यात स्वाइन फ्लूने ९०५ मृत्यू झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने चौथ्या महिन्यानंतरच्या गर्भवतींना आणि मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. असे पाऊल उचलण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता.

पुरावाही जवळचाच आहे. २०१७-१८ च्या सुमारास नागपूर, पेरूमधले लिमा आणि थायलंडमधले बँकॉक अशा तीन ठिकाणी अकरा हजारांहून अधिक गर्भवतींचा मागोवा घेतला गेला. ज्यांना फ्लू झाला त्यांच्यात उशिराच्या महिन्यांत गर्भ गमावण्याचा धोका वाढलेला दिसला आणि बाळांचे वजन सरासरी ५५ ग्रॅमने कमी भरले. बांगलादेशात त्याआधी, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शेवटच्या तिमाहीत आईला फ्लूची लस दिल्यावर पहिल्या सहा महिन्यांत बाळांतला प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी घटला. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, म्हणून आईची लस हेच त्याचे एकमेव कवच.

ही लस मृत विषाणूची आहे, तिच्यातून फ्लू होत नाही. जागतिक आरोग्य संघटना ती गरोदरपणाच्या कोणत्याही टप्प्यात द्यायला हरकत नाही असे म्हणते. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा मृगाच्या आसपास ती घेतलेली बरी. अडचण लसीच्या गुणाची नाही, पुरवठ्याची आणि सांगण्याची आहे. साठा कधी असतो, कधी नसतो. प्राथमिक केंद्रात नसेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात चौकशी करावी लागते. ज्या बाईची कपाशी वेचण्याची रोजी बुडते, तिला ‘आज नाही, पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य नकारासारखेच ऐकू येते.

डांग्या खोकला: पैसे असतील तर

डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस बाळाला दीड महिन्याने मिळतो. त्याआधीचे सहा आठवडे डांग्या खोकल्यासाठी उघडे असतात, आणि त्याच आठवड्यांत तो सर्वात जीवघेणा ठरतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली या खोकल्याने १४ तान्ही बाळे गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथे गर्भवतींना त्याची लस देण्यात आली आणि तिने लहान बाळांचे संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास केल्याचे दिसले. भारतात स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना २७ ते ३६ आठवड्यांत ‘टीडॅप’, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींवरची लस, घेण्याची शिफारस करते. हा काळ निवडण्याचे कारण असे, की आईकडून बाळाकडे जाणारी प्रतिपिंडे शेवटच्या तिमाहीत सर्वाधिक जातात.

सरकारी कार्यक्रमात मात्र ही लस नाही. ती खासगीत विकत घ्यावी लागते आणि किंमत शेतमजूर बाईच्या काही दिवसांच्या मजुरीएवढी होते. ज्यांना परवडते त्यांनी टीडीच्या एका डोसाच्या जागी ती घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. ज्यांना परवडत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. त्यांच्यासाठी टीडीचे दोन्ही डोस पूर्ण करणे आणि बाळाची दीड महिन्याची लस एक दिवसही न लांबवणे, हेच सर्वात मोठे काम आहे. बाळाच्या श्वसनमार्गाला त्रास देणाऱ्या आरएसव्ही विषाणूवरही गर्भवतींसाठीची लस २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. आपल्या गावकेंद्रापर्यंत ती यायला अजून वेळ आहे.

नको म्हणायच्या लसी, आणि न थांबवायची एक

जिवंत पण दुबळे केलेले जंतू असलेल्या लसी गरोदरपणात देत नाहीत. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस त्यांतलीच. चुकून दिली गेली तर घाबरून गर्भपात करण्याची गरज नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. रुबेलाचा खरा धोका लसीचा नाही, आजाराचा आहे. सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयदोष घेऊन जन्मू शकते. १९४१ साली ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध प्रथम दाखवला. यावरचा उपाय लग्नाआधीच करायचा असतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत शाळकरी मुलींना दिलेली लस ही त्यांच्या भविष्यातल्या बाळांचीच लस होती. लग्नानंतर घ्यायची झाल्यास पुढचा महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत.

उलट, पिसाळलेले वा भटके कुत्रे चावले तर रेबीजची लस गरोदरपण आहे म्हणून एक दिवसही थांबवायची नाही. गावात कुत्र्यांची कमतरता नाही आणि ‘पोटुशी आहे, इंजेक्शन नको’ असे सांगणारेही असतात. रेबीज झाल्यावर उपचार नाही. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

निर्णय कोणाचा?

आंजीसारख्या गावात सुनेची लस ही अनेकदा सासूबाईंच्या होकारावर आणि नवऱ्याच्या मोकळ्या वेळावर ठरते. सासूबाईंचा विरोध दुष्टपणाचा नसतो. त्यांची बाळंतपणे घरी झाली, त्यांनी सुई घेतली नाही, आणि त्यांची मुले वाचली. न वाचलेली मुले त्यांच्या बोलण्यात येत नाहीत, कारण त्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती. म्हणून समजावण्याच्या बैठकीत सुनेबरोबर त्यांनाही बोलावले पाहिजे. बचतगटांच्या आणि गावसमित्यांच्या माध्यमातून काम करताना क्लिक्ससारख्या प्रकल्पांनी नेमके हेच ओळखले होते, की आरोग्याचा निर्णय एकटी बाई घेत नाही, घर घेते.

तरी कायद्याच्या दृष्टीने अंतिम शब्द तिचाच. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोविड लसीकरणाबाबतच्या जेकब पुलियेल खटल्यात स्पष्ट केले, की कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो. त्याच निकालात लसींनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली. याचा अर्थ नर्सबाईने विचारायला हवे आणि सांगायलाही हवे. नुसते ‘दंड पुढे करा’ पुरेसे नाही.

सांगायला वेळ लागत नाही. ही लस कोणत्या आजाराची, फायदा मला की बाळाला, त्रास काय होईल, न घेतल्यास काय, पुढचा डोस कधी, या पाच प्रश्नांची उत्तरे दोन मिनिटांत होतात. ‘ताप येते म्हनते, लेकराले तर काही होत नाही नं जी?’ असे कोणी विचारले, तर प्रामाणिक उत्तर असे: हात दुखेल, एक-दोन दिवस अंग कोमट वाटेल, पॅरासिटामॉल घेता येते, बाळाला त्याचा त्रास होत नाही. तीव्र अॅलर्जी लाखात एकापेक्षाही विरळ, म्हणूनच अर्धा तास तिथे बसवतात.

लसीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. धनुर्वात मागे हटला तेव्हा नवजात मृत्यूंची इतर कारणे ठळक दिसू लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ या काळात गावातल्याच बायांना प्रशिक्षण देऊन घरपोच नवजात सेवा दिली आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवले. जंतुसंसर्ग, कमी वजन आणि वेळेआधीचा जन्म यांवर तिथे काम झाले. लोहाच्या गोळ्या, पुरेसा आहार, वजनाची नोंद आणि दवाखान्यात बाळंतपण यांच्याशिवाय एकटी लस अपुरीच राहते.

निष्कर्ष

सगळा पुरावा एकत्र ठेवल्यावर हिशोब असा उरतो. टीडी घ्यावीच. तिच्याबद्दल शास्त्रात वाद उरलेला नाही आणि ती न घेण्याची किंमत बाळाला मोजावी लागते. फ्लूची लस मिळत असेल तर घ्यावी, आणि मिळत नसेल तर मागावी. सरकारने तिचा साठा पावसाळ्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवावा. डांग्या खोकल्याची लस परवडत असेल तर सातव्या ते नवव्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत घ्यावी, आणि तिचा विचार सार्वत्रिक लसीकरणात व्हावा. रुबेला आणि कांजिण्यांची लस लग्नाआधी घ्यावी. कुत्रा चावल्यास रेबीजची लस लगेच. याशिवाय कोणतीही नवी लस आली तर ती एकेकटी तपासावी, जुन्या लसीच्या पुण्याईवर वा जुन्या अफवेच्या पापावर तिचा निकाल लावू नये.

आंजीच्या अंगणवाडीत बसलेल्या बाईने उठताना दोन गोष्टी कराव्यात: कार्डावर डोसाची तारीख लिहून घ्यावी, आणि मनात शंका असेल तर ती नर्सबाईंना तिथल्या तिथे, सासूबाईंच्या समोर, मोठ्याने विचारावी.